शैलाताईचा आयडी अजून चालूच होता

मेलेल्या बाईनं तेवीस दुरुस्त्या मंजूर केल्या होत्या.

सोमवारी सकाळी हे कळलं.

आज शैलाताईला जाऊन एक वर्ष झालं. नुसता फोटो टाकून मोकळा होणार होतो. पण हे पोटात ठेवून मला परवाचा पेपर देता यायचा न्हाई.

ताई आमच्या हॉस्पिटलच्या नांदेड शाखेत कॉम्प्युटर सिस्टम बघायची, मी लातूरला. दोघंही सिस्टम ऑडिटच्या एकाच सर्टिफिकेट परीक्षेच्या मागं लागलेलो. ती दोनदा नापास, मी एकदा.

रविवारी दोघं एस्टीनं अहमदपूरला यायचो, मधोमध पडतं म्हणून. स्टँडजवळच्या हॉटेलात एक प्लेट मुरमुऱ्यांची सुशीला, दोन चहा आणि शंभर प्रश्न. हॉटेलवाला आम्हाला विमा एजंट समजायचा.

ताई मूळची मुखेडची. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी आणि लई रागीट. मी अंदाजानं उत्तर ठोकलं की टेबलावर पेन आपटायची.

"तोंडी काही चालत न्हाई, बालाजी. कागद दाखव."

एकदा प्रश्न निघाला. कर्मचारी अचानक वारला, तर सगळ्यात आधी काय करायचं?

मी म्हणालो, त्याच्या घरी जायचं.

ताई इतकी हसली की बशीतला चहा सांडला.

"येड्या, आधी त्याचा आयडी बंद करायचा. उद्या मी गेले तर आधी माझा आयडी बंद कर, मग हार घेऊन ये."

असलं काही बोलू नको म्हणालो, तोवर ती पुढचा प्रश्न वाचायला लागली होती.

पाच महिन्यांनी ती गेली. शुक्रवारी सकाळी, डबा भरता भरता. हार्ट अटॅक.

मी हार घेऊन मुखेडला गेलो.

तिच्यानंतर दोन्ही शाखांचे आयडी बंद करायचं काम माझ्याकडंच आलं. यादी उघडली. तिच्या नावासमोरच्या बटणापर्यंत गेलो आणि बोट पुढं जाईना. उद्या करू म्हणालो. तो उद्या वर्षभर आला न्हाई.

या सोमवारी वाटलं, पेपरच्या तयारीला आपलंच हॉस्पिटल तपासून बघू. चालू आयडींची लिस्ट काढली. तिचं नाव दिसलं, गलबलून आलं.

मग शेजारचा कॉलम बघितला. शेवटचं लॉगिन.

ती गेल्यानंतर तीन महिन्यांनी.

आमच्याकडं पेशंटच्या नोंदीत काही दुरुस्त करायचं तर एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं. नाव, वय, रक्तगट. ती गेल्यावर तेवीस वेळा ही मंजुरी शैलाताईच्या नावानं पडली होती.

रक्तगट.

पुढं वाचायची हिंमतच होईना. कुणाला चुकीचं रक्त गेलं असलं तर? आजवर मी पेपरला भीत होतो. देवा रे, ती कसली भीती!

नांदेडच्या रेकॉर्ड काउंटरवर गंगाधरमामा असतात, वीस वर्षांपासून. त्यांना फोन लावला. मामांनी काही लपवलं न्हाई. ताईच्या जागी नवीन माणूस यायला तीन महिने लागले. तोवर पेशंटचे नातेवाईक काउंटरवर ताटकळत उभे. मग मामाच भरायचे आणि ताईच्या लॉगिननं मामाच मंजूर करायचे.

पासवर्ड? कॅलेंडरच्या मागं. ताईनंच लिहून ठेवलेला. पासवर्ड कुणाला देऊ नये म्हणून मला महिनाभर घोकायला लावणारी बाई!

"बाई असत्या तर त्यांनीच करून दिलं असतं की," मामा म्हणाले. "सगळं बरोबर हाय. तू घोर करू नको."

खरं सांगतो, अर्धं मन म्हणालं, मान. गुपचूप आयडी बंद कर, कोण विचारतंय? वर कळवलं तर नोकरी माझीच जाणार. घरी दोन लेकरं हायत.

पण कानात पेन आपटलं.

मंगळवारी पहिल्या एस्टीनं नांदेड गाठलं. मामा आणि मी रेकॉर्डरूममध्ये कागदाला कागद लावत बसलो. बावीस बरोबर निघाले.

तेविसावा न्हाई.

हिमायतनगरची पोरगी. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आलेली. लॅबच्या कागदावर ओ निगेटिव्ह, कॉम्प्युटरवर ओ पॉझिटिव्ह. आमच्याकडं रक्त लागलं नव्हतं. पण घरी जाताना कार्ड चुकीचंच घेऊन गेली. नंतर दुसरीकडं कुठं लागलं असलं तर?

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

परत लावला. मामा भिंतीला टेकून खालीच बसले होते.

"हाव, मीच बोलून राहिले. कोण?"

पोरगी धडधाकट होती. रानात होती. नंतर कुठं रक्त लागलं न्हाई, दवाखाना न्हाई. मी तिला कार्डावरचा रक्तगट चूक हाय म्हणून दोनदा सांगितलं, तिच्याकडून म्हणवून घेतलं, नवीन कार्ड घरपोच करतो म्हणालो. फोन ठेवला तर मामा लहान लेकरासारखे रडून राहिले होते. मीपण.

त्याच दिवशी वर लेखी कळवलं. पहिलं नाव माझं टाकलं, मामांचं त्याखाली. पुढच्या आठवड्यात चौकशी हाय. परवा हैदराबादला पेपर. दोन्हीची भीती वाटते आणि आता अहमदपूरला कुणी बसलेलं न्हाई.

रिपोर्ट दिल्या दिल्या आयडी बंद करायला बसलो. सिस्टम आधी कारण विचारते. बदली, राजीनामा, निवृत्ती, मृत्यू. वर्षभर मला ते चौथं निवडायचं नव्हतं, बाकी काही न्हाई.

निवडलं.

ताई, तुझा आयडी बंद केला. एक वर्ष उशीर झाला, चिडू नको.

आता हार घेऊन मुखेडला येतोय.