साडूचं यान आणि माझी तोफ

माझ्या साडूचा पाण्याचा टँकर अवकाशात जाऊन आला, तेव्हापासून सासुरवाडीला मला दुसरं ताट मिळतं.

वास्तविक थोरला जावई मी. कार्ल्याला सासऱ्यांकडे आखाडाचं मटण शिजलं की पहिलं ताट माझं, हा लग्नापासूनचा रिवाज. पण लोणावळ्याजवळ एका अवकाशातल्या मालिकेचं शूटिंग आलं. मोठी यानं ते कॉम्प्युटरवर बनवायचे. मागे कोपऱ्यात उभं करायला एक किरकोळ यान हवं होतं. नवलाख उंबरे गावच्या माझ्या धाकट्या साडूनं, दत्तूनं, आपला टँकर दिला. त्याला चंदेरी रंग फासला, दोन पंख लावले आणि नाव ठेवलं 'गगनवेध'. पडद्यावर ते इतकं थोडं दिसलं की एखादी शिंक आली तर हुकावं. (मी शिंकून पाहिलं. सासऱ्यांनी मागे नेऊन पुन्हा दाखवलं.)

"दत्ताराव, लय लांब गेलतं वो तुमचं इमान," म्हणत आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नळी त्याच्या ताटात घातली. ती नळी माझी होती! माझा जळून कोळसा झाला.

दुसऱ्याच दिवशी मी शूटिंगवाल्यांना माझं भाताचं मळणी यंत्र नेऊन दिलं. त्यांनी त्याचं शत्रूचं यान केलं आणि तोंडावर पत्र्याची भली थोरली तोफ वेल्ड करून टाकली. काम संपल्यावर ती काढून द्यायला ते तयार होते, मीच नको म्हणालो. गावाला दिसायला नको?

"आवो, पन आता भात कुटनं घालायचं?" बायकोनं विचारलं. शत्रूच्या यानाचा मालक असल्या प्रश्नांना उत्तरं देत नसतो.

मालिकेत माझं यान धूर सोडत दणक्यात आलं. मी कॉलर ताठ केली, तोवर ते बंद पडलं. 'गगनवेध'नं त्याला दोर बांधला आणि कैद करून ओढत नेलं. अख्ख्या सासुरवाडीनं टाळ्या वाजवल्या. बायकोनंसुद्धा.

सुगीत आबांचं भात मळायची वेळ आली. तोफ कापून आणायला यंत्र ट्रॅक्टरमागे लावून मी तळेगावच्या वेल्डरकडे निघालो, तर कार्ले फाट्यावर तोफेच्या वजनानं ते कलंडलं आणि चाक चारीत रुतलं. ट्रॅक्टरला काही ते निघेना. गावातून धावत आलेल्या आबांनी परस्पर दत्तूला फोन केला. त्यानं ड्रायव्हरबरोबर टँकर धाडला. चंदेरी रंग तसाच, पंखही तसेच. दोर बांधला गेला. एक बस थांबली, पर्यटक मोबाईल काढून उतरले आणि कसलं शूटिंग आहे म्हणून विचारू लागले.

"म्होरलं धाकल्या जावयाचं हाय," आबांनी अभिमानानं सांगितलं, "आन् मागलं थोरल्याचं."

संध्याकाळी आबांकडे मटण होतं. पहिलं ताट अर्थातच दत्तूचं. दुसऱ्यासाठी मी मांडी सावरून बसलो, तर ते टँकरच्या ड्रायव्हरपुढे गेलं, नळीसकट. पकडलेल्या शत्रूला जेवायला घालतात हेच पुष्कळ, असं म्हणून मी मुकाट्यानं रस्सा वरपला.