अंगठ्याखालची नाडी

रोज सकाळी माझी सोळा वर्षांची लेक सई गोळी गिळते आणि मनगट माझ्यापुढे करते. तिच्या हृदयाचे ठोके मधूनच भरकटायचे. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची का, ते तेव्हा ठरत नव्हतं. नको म्हणणारा मीच. पुरावा म्हणून महिनाभर तिची नाडी वहीत टिपली आणि ऐटीत डॉक्टरांपुढे ठेवली.

"अंगठ्याने मोजलीत? अहो, अंगठ्याला आपलीच नाडी लागते."

सई खिदळली. "बाबा, म्हणजे तू ठणठणीत आहेस!" मग डॉक्टरांना म्हणाली, "मला पळायचंय. गोळी सुरू करा."

महिनाभर लेकीच्या मनगटावर मी स्वतःलाच मोजत होतो. आता दोन बोटं ठेवतो. तिचे ठोके एका लयीत लागतात आणि मी मनातल्या मनात हात जोडतो. खरोखर जोडायचे तर तिचं मनगट सोडावं लागेल.