हरवलेली आई

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या बाजारात सोया सॉस लावून भाजलेल्या कणसाचा वास आला आणि जपानमधला तो समुद्रकिनारा आठवला. आम्ही तिथे नवीन होतो. लेक मात्र बालवाडीत जपानी बोलायला शिकली होती. कणसं घेऊन वळले, तर ती जागेवर नाही. नवरा पाण्याकडे धावला, मी छत्र्यांमधून हाका मारत सुटले. लाउडस्पीकरवर सारखं काहीतरी सांगत होते, मला एक अक्षर कळेना. शेवटी माझी अवस्था पाहून एका बाईने हाताला धरून मला जीवरक्षकांच्या तंबूत नेलं. लेक बर्फाचा गोळा खात बसली होती. "आई, तू हरवलीस म्हणून मीच यांना सांगितलं. केव्हाचे बोलावतायत तुला!" आता मोठी झालेली तीच लेक गाडी पार्क करायला गेलीय, अजून आली नाही म्हणून मी पुन्हा फोन लावतेय.