घरटी एक माणूस

यंदा तांदूळ आला, शंकर आला नाही. दर वर्षी दिवाळी सरली की एखाद्या रविवारी सकाळी तो आमच्या दाराशी उभा असायचा, खांद्यावर नव्या आंबेमोहोराची पिशवी आणि पायांवर पौडच्या वाटेची धूळ. या खेपेला पिशवी घेऊन त्याची बहीण हौसा आली. ती पिरंगुटला दिलेली. पिशवी उंबऱ्याशी टेकवून ती आत न येताच म्हणाली, "दादा गेला. दसऱ्याच्या आधी. कावीळ झाल्ती." मग माझ्या तोंडून निघालं, "मला कसं कोणी कळवलं नाही?" तो सूर तक्रारीचा होता, हे मला तेव्हाच जाणवलं. "कुनी कळवायचं?" हौसा म्हणाली. "भात पिकून लोळाया लागलं व्हतं. समदी कापनीला लागली." "कापलं कोणी?" "गावानं. इर्जिक घातली. घरटी एक मानूस आला, दादाच्या नावानं. कुनी म्हनून मागं ऱ्हायलं न्हाई." डोळे पुसतानाही तिच्या बोलण्यात अभिमान होता. माझ्यावर त्या शब्दांनी काय ओढवलं, ते तिच्या लक्षात आलं नसावं... किंवा आलंही असेल.

शंकर शेडगे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोली होता आणि मी कप्तान. स्वातंत्र्य मिळून तीन-चार पावसाळे झाले होते. पुण्यात फुटबॉलचा मोसम पावसाळ्याचा, आणि त्या मोसमात आम्हाला कोणी मोजत नसे. पहिल्या फेरीत हरायचं आणि चहा पिऊन घरी जायचं, हा आमचा रिवाज. शंकर पहिल्या वर्षाला होता, पेठेत चुलत्याकडे राहायचा. एकदा भर पावसात आमचा सराव चालला असताना तो गोलच्या मागे उभा होता. डोक्यावर बांबूच्या काड्यांचं आणि पानांचं इरलं, काखेत वह्या. चुकलेला बॉल थेट त्याच्या अंगावर गेला आणि त्याने तो ओला, चिखलाने माखलेला बॉल एका हाताने अलगद धरला. वह्या दुसऱ्या काखेत तशाच. "कुठे शिकलास रे?" मी विचारलं. "त्यात काय शिकायचं? आवनीला रोपाच्या मुठी फेकत्यात, त्या झेलतो की. मूठ चिखलात पडली तर आय शिव्या घालती. ह्यो तर लई मोटा हाय." त्या दिवसापासून तो आमचा गोली झाला. पोरं त्याला 'पौड' म्हणायची. तो शांतपणे दुरुस्त करायचा, "पौड न्हाई, पौडच्या पुढं. पौडला गाडी सरती, मग चालायचं."

त्याची एक सवय होती. मॅच सुरू होण्याआधी गोलच्या तोंडाशी पाणी साचलेलं असायचं. तो अनवाणी टाचेने जमिनीत एक लहानसा चर ओढायचा, उताराच्या बाजूने, आणि ते पाणी निमूट मागे निघून जायचं. दुसऱ्या टीमची पोरं हसायची. "पाणी तुंबू देऊ नये, कप्तान," एवढंच तो म्हणायचा.

आम्ही जिंकू लागलो. एक मॅच, मग दुसरी. कॉलेजात मुली आमची नावं विचारू लागल्या, प्रिन्सिपॉलसाहेब मैदानावर छत्री घेऊन येऊ लागले. आणि नेमकी तेव्हाच मुळशी खोऱ्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली. शंकरच्या घरची खालची चांगली जमीन त्याच्या वडिलांच्या काळात धरणाच्या पाण्यात गेली होती. उरली होती ती डोंगराच्या अंगावरची चार खाचरं. वडील नव्हते. आई, लहान हौसा आणि तो. त्या वस्तीवर आवणी इर्जिकीने होई. आज एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. नियम एकच: घरटी एक माणूस. ज्या घरचा माणूस आला नाही, त्या घरच्या आवणीला कोणी जात नाही. यात राग नसतो, शिक्षाही नसते... रीत असते.

"कप्तान, बुधवारी रामाबाच्या घरची आवनी हाय. जावं लागंल," तो मला म्हणाला. रामाबा त्यांचा शेजारी.

"बुधवारी मॅच आहे."

"म्हनून तर सांगतुया."

"मग गोलात कोण, दिनू?" दिनू आमचा जाडजूड फुलबॅक.

शंकर हसला. "दिन्या उभा ऱ्हायला तर बॉलला जागाच न्हाई ऱ्हायची. चांगलं हाय की."

मी हसलो नाही. म्हणालो, "तू एकटा नसलास म्हणून आवणी अडणार आहे का?"

"आवनी न्हाई अडत. उद्या आमची अडंल." आणि मग त्याने मला ती सगळी रीत समजावून सांगितली, जी मी वर लिहिली आहे. मला ती कळली. मला काही ठाऊकच नव्हतं, असं म्हणायची सोय मी आज स्वतःला ठेवत नाही. सगळं कळून मी त्याला म्हणालो, "ही एकच मॅच, शंकर. एकच." तो राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा एका घरची आवणी आणि पुन्हा मॅच. मी पुन्हा तेच म्हणालो. त्याच्या आईने एसटीच्या ड्रायव्हरकडे निरोप धाडला, 'गावाला तोंड काय दाखवू?' शंकरने तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला आणि बॉल मारायला लागला.

फायनल सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी तो सरावाला आला आणि गोलात न जाता माझ्याजवळ उभा राहिला. म्हणाला, "आमच्यात कुनी येत न्हाई. आय घरोघर जाऊन आली. रोपं जून व्हाया लागल्यात." मला आठवतं, मी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि फार मोठ्या मनाने म्हणालो, "आम्ही येतो ना. अख्खी टीम आहे. रविवारी लावून टाकू, सोमवारी फायनल." पोरांनी टाळ्या वाजवल्या. शंकर गोलात जाऊन उभा राहिला. त्याच्यापाशी दुसरा इलाज नव्हता.

रविवारी पहिल्या गाडीने आम्ही पौडला उतरलो आणि तिथून चालत वस्तीवर पोचलो. त्याच्या आईने आमच्याकडे, आमच्या अर्ध्या चड्ड्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरं शंकऱ्या, ही बामनाची पोरं, ह्यांस्नी चिखलात घालतुस व्हय?" "मावशी, आम्ही रोज चिखलातच असतो," दिनू म्हणाला आणि पहिल्याच पावलाला आडवा झाला. बांधावर बसलेली हौसा टाळ्या पिटत ओरडली, "आये, बग बग, म्हस लोळतीया!" शंकरने एकदा दाखवलं, दोन-तीन काड्या घ्यायच्या, मुळं सरळ ठेवायची, अंगठ्याने दाबून बसवायची. आणि मग मी ती गोष्ट केली, जी फक्त एका फुटबॉलच्या कप्तानालाच सुचली असती. मी टीमचे दोन भाग केले. पुढचे खेळाडू एका खाचरात, मागचे दुसऱ्यात. कोणाचं आधी लावून होतं बघू! पोरं पेटली. आरडाओरडा, शिट्ट्या, मुठी फेकणं, झेलणं. शंकरची आई दोनदा काहीतरी ओरडून सांगत होती, ते आमच्या गोंगाटात कोणाला ऐकू गेलं नाही. अंगठा कोण दाबतंय? काडी चिखलात टोचली की पुढे. पलीकडच्या बांधावर रामाबा येऊन उभा राहिला. मी ओरडलो, "या की बाबा, तुम्ही पण!" तो म्हणाला, "इर्जिकीला मानूस लागतो, पाव्हना न्हाई," आणि निघून गेला. मला त्याचा राग आला. दुपार कलली तेव्हा चारही खाचरं हिरवी दिसत होती. पुढचे खेळाडू जिंकले होते. आम्ही बांधावर नाचलो.

शंकर नाचत नव्हता. तो शेवटच्या खाचरात वाकून, आम्ही लावलेलं एकेक रोप पुन्हा दाबत होता. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी त्याला हाका मारल्या. तो आला तो चिखलाच्या हातांनीच. "कप्तान, मला दोन दिस ऱ्हाऊ दे. रोपं बसली न्हाईत. समदी परत दाबाय लागतील."

"आणि उद्या?"

"उद्याचं तुमी बगा की. दिन्या हाय."

मी आभाळाकडे पाहिलं. खरंच उघडीप होती. म्हणालो, "पाऊस काय आजच पडणार आहे? उद्या मॅच संपली की संध्याकाळच्या गाडीने ये." त्याने आईकडे पाहिलं. ती चुलीपाशी आमच्यासाठी भाकऱ्या थापत होती, तिने वर पाहिलं नाही. इर्जिकीची रीत तिने पाळली, आम्हाला जेवू घातलं. मग मी शंकरच्या हाताला धरून त्याला वाटेला लावलं. ओढलं म्हटलं तरी चालेल.

पिरंगुटच्या पुढे आलो आणि मागे पाऊस सुरू झाला. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. शंकर गाडीच्या मागच्या काचेतून बघत होता, पोरं गाणी म्हणत होती. दुसऱ्या दिवशी पुण्यातही कोसळतच होता. त्या फायनलमध्ये त्याने जे बॉल अडवले, तसे मी नंतर कधी पाहिले नाहीत. पण मॅचच्या आधी त्याने गोलपाशी चर ओढला नाही. घोट्याएवढ्या पाण्यात तसाच उभा राहिला. आम्ही जिंकलो. हो, जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि तो वरून, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, पश्चिमेकडे बघत होता. तिकडे डोंगर दिसतच नव्हते, नुसता काळा अंधार होता.

तो गुरुवारी परत आला, वह्या न्यायला. "समदी रोपं पान्यावर आली," म्हणाला. "वाहून कोपऱ्यात गोळा झाल्यात, शेवाळावानी." मी म्हणालो, "पुन्हा लावू या." "रोप कुठलं आता? कुनाकडं उरलं न्हाई." मग त्याने टीमचा सदरा घडी करून माझ्या खाटेवर ठेवला. मी जिन्यापर्यंतही गेलो नाही. त्या वर्षी त्या घरात भात नव्हता. नाचणी-वरईवर त्यांनी दिवस काढले. बैल विकला. आई दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला गेली, हौसाची शाळा सुटली, आणि शंकर रस्त्याच्या खडीकामावर लागला. कॉलेजात तो पुन्हा आला नाही. कप मात्र प्रिन्सिपॉलसाहेबांच्या काचेच्या कपाटात होता. त्यावर नाव माझं होतं, कप्तान म्हणून.

काही वर्षांनी तो पहिल्यांदा तांदूळ घेऊन आला तेव्हा मी घाबरलो होतो. वाटलं, आता बोलेल. त्याने पिशवी ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "कप्तान, तू लावलेला उगवला न्हाई. ह्यो मी लावलेला हाय. खा." आणि मोकळेपणाने हसला. माझी बायकोही हसली, तिला चेष्टा वाटली. दर वर्षी तो हेच वाक्य म्हणायचा. ती चेष्टाच असावी, असं मी गेली कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आलो. एकदा मी माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "जाऊ दे की. चा सांग." आणि मी चहा सांगितला. किती सोपं करून दिलं त्याने मला! तो पौडहून येत राहिला आणि मी इथे बसून तांदूळ घेत राहिलो. त्याची आई गेली, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मी एकदाही तिकडे गेलो नाही. गाडी आहे, रविवार मोकळा असतो. त्या बांधावर उभं राहायचं धैर्य नव्हतं, एवढंच कारण.

हौसा येऊन गेल्यावर पुढच्या रविवारी गेलो. खाचरं कापलेली, नुसती धसकटं उभी. शंकरची बायको दारात भात पाखडत होती. मी कोण ते तिला सांगावं लागलं. "व्हय व्हय, कप्तान भावजी," ती म्हणाली. "बसा. काय काम काढलंत?" मी म्हणालो, "काही काम असेल तर सांगा. काहीही... करीन." ती गोंधळली. सूप खाली ठेवून म्हणाली, "आता कसलं काम, भावजी? सरलं समदं. गावानं केलं." आणि मी फारच केविलवाणा दिसलो असेन, कारण ती लगेच म्हणाली, "आवनीला या की." पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली. मी हो म्हणालो. खरं तर मला अजूनही रोप लावता येत नाही. आणि ज्याच्यासाठी यायचं, त्याच्या नावाची इर्जिक होऊन गेली. सगळ्या घरांतून माणूस आला. एका घरातून आला नाही.

तांदळाची पिशवी आठवडाभर तशीच होती. काल बायकोने न विचारता तिचं तोंड सोडलं आणि अंगणातल्या नळाखाली तांदूळ धुतले. तिथे फरशी खचली आहे, पाणी नेहमी साचतं. शंकर आला की चहा होईपर्यंत तिथे उभा राहायचा आणि बोलता बोलता टाचेने कडेच्या मातीत चर ओढून द्यायचा. वर्षभर तो पुरायचा, मग बुजायचा. यंदा बुजलेलाच आहे. धुवणाचं पांढरं पाणी तिथे जमून राहिलं. बायको आत गेल्यावर मी चप्पल काढली आणि टाच दाबून मातीत ओढली. एकदा, पुन्हा एकदा. उतार कुठल्या बाजूला आहे, तेच मला कळेना. आतून शिजत्या भाताचा वास येऊ लागला होता. पाणी जागचं हललं नाही.