काळूरामशेठच्या नावाचा कौल

अंजूरच्या काळूराम तरे यांनी दोन गोदामांचा, एका टेम्पोचा, तीन म्हशींचा, स्वतःचा, बायकोचा आणि परसातल्या पाण्याच्या पंपाचा विमा उतरवलेला होता. कुत्र्याचाही उतरवायचा त्यांचा विचार होता, पण कंपनीने कुत्र्याच्या जन्मतारखेचा दाखला मागितला आणि तो काही ग्रामपंचायतीत मिळेना. गाव त्यांना तोंडावर शेठ म्हणायचं आणि पाठीमागे पॉलिसीशेठ. शेठना हे ठाऊक होतं. दुसऱ्या नावाचा तर त्यांना मनातून अभिमानच होता.

हे वेड काही जन्मापासूनचं नव्हतं. २००५च्या जुलैत खाडीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा तऱ्यांचा टीव्ही, फ्रीज आणि वर्षाचे तांदूळ सगळं भिजून गेलं. शेजारच्या भाऊ भोईरांचंही गेलं, पण भाऊंनी कुणाच्या तरी आग्रहाखातर घराचा विमा काढला होता. दोन महिन्यांनी त्यांच्या दारात नवा फ्रीज उतरला, जुन्यापेक्षा उंच, वर बर्फाचा वेगळा कप्पा असलेला. पुराचं दुःख काळूरामना पंधरा दिवस झालं. भाऊंच्या फ्रीजचं दुःख मात्र पुढे चार वर्षं टिकलं. त्या दुःखापायीच जगात जे जे बुडू शकतं, जळू शकतं आणि मरू शकतं, त्या सगळ्यावर त्यांनी सह्या केल्या. सह्या घ्यायला घरचाच माणूस होता. पुतण्या प्रितेशने भिवंडीत कल्याण नाक्यावर विम्याचं ऑफिस टाकलं होतं, आणि त्या ऑफिसचं भाडं बरंचसं काकांच्या काळजीतून निघायचं.

जानकीबाईंना, म्हणजे शेठच्या मंडळींना, या कशातच रस नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी काळूरामचा संसार केला. त्यातली तीस भाताच्या खाचरात गेली, आणि उरलेल्या सहांत त्या खाचरावर गोदाम उभं राहिलं. लावणी करताना डोक्यावरून विमानं जायची. बाकीच्या बायका वाकलेल्याच असायच्या, जानकीबाई मात्र तेवढ्यापुरती पाठ सरळ करून विमान दिसेनासं होईपर्यंत वर बघायच्या. पुढे दुसऱ्या गोदामाचा भाडेकरार झाला, त्या दिवशी शेठ खुशीत होते. काय पाहिजे ते माग, असं ते बायकोला म्हणाले. सोन्याच्या बांगड्यांपर्यंत त्यांच्या मनाची तयारी होती. जानकीबाई म्हणाल्या, ‘‘मना विमानात बसाचा हाय.’’

शेठनी शब्द दिला आणि वर्षभर तो सोयीने विसरले. शेवटी थोरल्या कुणालने २००९च्या उन्हाळ्यात एका यात्रा कंपनीकडे आईबापांचं सिंगापूरचं बुकिंग करून टाकलं. निघायचं गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. पितृपंधरवडा लागायच्या आत घराबाहेर पाय पडला की दोष नाही, हा शोध शेठचा. प्रवासाचा विमाही ओघाने आलाच. प्रितेशने अठरा पानांची पॉलिसी आणून दिली. शेठनी ती न वाचताच देव्हाऱ्यात ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं.

आणि ऑगस्टात स्वाइन फ्लू आला. पुण्याची बातमी आली, मग मुंबईची आली, शाळा बंद झाल्या, सिनेमागृहं बंद झाली. भिवंडी आधीच कापडाचं गाव. ज्याच्या घरी शिवणयंत्र होतं तो मास्क शिवायला बसला, आणि जो कालपर्यंत कुणाला फडकं फुकट देत नव्हता तो त्याच फडक्याला दोन नाड्या लावून दहा रुपये घेऊ लागला. शेठनी चार डझन घेतले. कापूर आणि वेलची रुमालात बांधून हुंगली की रोग जवळ येत नाही, असं कुणीतरी सांगितलं. मग शेठ दिवसभर ती पुरचुंडी नाकाला लावून बसू लागले. गोदामातल्या भाडेकरूंचे खोके परदेशातून यायचे, म्हणून त्यांनी गोदामाकडे फिरकणंही सोडलं. भाडं मात्र मास्क लावून घेतलं.

एका सकाळी पेपरात सरकारचा सल्ला छापून आला : नागरिकांनी अनावश्यक परदेश प्रवास टाळावा. शेठनी तो तीनदा वाचला. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. परक्या मुलुखात ताप चढला, तिथल्या डॉक्टरने उचलून नेलं आणि आपलं बोलणं कुणाला कळलंच नाही तर, या विचाराने ते रात्रीतून दोनदा उठून बसत. पण भ्यालो असं कबूल करणं शेठच्या स्वभावात नव्हतं आणि भरलेले पैसे सोडणं तर त्याहून नव्हतं. पेपराची घडी घालून त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने जाहीर केलं, ‘‘आपला परवास अनावश्यक हाय. सरकार बोलतंय.’’

जानकीबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. तव्यावरची भाकरी तेवढी करपली. छत्तीस वर्षांत त्या घरात भाकरी करपलेली शेठना आठवत नव्हती, तरी त्याचा अर्थ काही त्यांच्या ध्यानात आला नाही.

देव्हाऱ्यातली पॉलिसी घेऊन ते प्रितेशच्या ऑफिसात गेले. प्रितेशने ती बहुधा पहिल्यांदाच उघडली. तिकडे जाऊन हात मोडला तर पैसे मिळणार होते, बॅग हरवली तरी मिळणार होते. साथ जाहीर झाल्यावर त्याच साथीने आजारी पडलात तर मात्र नाही. आणि न जाताच पैसे परत हवे असतील तर एकच वाट होती : सक्षम अधिकाऱ्याने प्रवासाला लेखी मनाई केलेली असली पाहिजे. शेठनी पेपर पुढे केला. प्रितेश म्हणाला, टाळावा म्हणजे मनाई नव्हे, तो सल्ला झाला. मग काका फार चिडले आणि एवढी वर्षं हप्ते कशाचे घेतलेस म्हणून विचारू लागले, तेव्हा पुतण्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, ‘‘काका, भीतीचा विमा नसतो.’’

आता सक्षम अधिकारी शोधणं आलं. सरपंचांनी हात वर केले, कारण त्यांचा स्वतःचा भाऊ त्याच आठवड्यात दुबईला निघाला होता. तलाठ्याने सातबारा काढून देतो म्हणून सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शेठना तपासलं आणि तब्येत ठणठणीत आहे, खुशाल जा असं सर्टिफिकेट दिलं. ते शेठनी तिथल्या तिथे फाडलं.

तेव्हा त्यांना गावदेवी आठवली. अंजुरात देवीला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत की लग्न ठरवत नाहीत. देवीच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव या कौलाला बांधलेलं. दिल्लीहून आलेल्या गोदाम कंपनीच्या साहेबानेसुद्धा पाया खणण्याआधी बूट काढून कौल लावला होता. याहून सक्षम अधिकारी कोण, असा शेठचा सवाल होता, आणि खरं तर तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. देवळाच्या ट्रस्टचं लेटरहेड होतं, गोल शिक्काही होता. डावा कौल मिळाला की देवीची पूजा करणाऱ्या लडकू भगताने लेटरहेडवर तसं लिहून द्यायचं आणि प्रितेशने ते कंपनीला पाठवायचं, असं ठरलं. प्रितेशने असला दावा आजवर कुणी केला नसल्याचं सांगून बघितलं. त्यावर शेठ म्हणाले, मग पहिला आपला.

मंगळवारी सकाळी ते देवळात गेले. बातमी आधीच फुटल्याने अर्धं गाव हजर होतं, रोगाच्या भीतीने तोंडं बांधून आणि एकमेकांच्या खांद्यावरून वाकून. जानकीबाई बायकांमध्ये मागे उभ्या होत्या. लडकू भगताने कळ्या लावल्या आणि रीतीप्रमाणे विचारलं, कौल कुणाच्या नावाने?

आता, शेठच्या घरी जमीन शेठच्या नावावर, गोदामं शेठच्या नावावर, रेशनकार्ड शेठच्या नावावर, पॉलिसीवर पहिलं नावही त्यांचंच. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘‘काळूराम बाळू तरे,’’ ते खणखणीत आवाजात म्हणाले. ‘‘आई, मी सिंगापूरला जाव का नको?’’

डावी कळी टपकन पडली.

शेठचा चेहरा असा उजळला, की देवीने जणू रोगच गावातून हाकलला. प्रितेशला त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. लडकू लेटरहेडवर लिहू लागला. तेवढ्यात बायकांतून जानकीबाई पुढे आल्या, पदर सावरला आणि भगताला म्हणाल्या की आता माझ्या नावाने कळ्या लाव. शेठ हसले. अगं, लागला की कौल, असं म्हणाले. भगताने नाही म्हणून मान हलवली. शेठनी नाव एकट्याचं घेतलं होतं, तेव्हा कौलही एकट्याचाच. हा नियम शेठनाच काय, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

जानकीबाईंनी हात जोडले. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. ‘‘आई, मी माह्यारी गेली ती बालंतपनाला. ठान्याला गेली ती सासूला हॉस्पिटलात घेऊन. भिवंडीला गेली ती भाजी इकाला. जवरा परवास केला तवरा कामाचाच केला. बिनकामाचा ह्यो पयलाच हाय. जाव का नको?’’

बराच वेळ एकही कळी हलली नाही. शेठ मनातल्या मनात डाव्या कळीची विनवणी करत होते. शेवटी उजवी कळी सैल झाली, मूर्तीच्या कोपरापाशी थोडी अडखळली आणि खाली आली.

बायकांनी मागे काय गलका केला तो सांगायला नको. राहीबाई भोईर, फ्रीजवाल्या भाऊंची बायको, तिने जानकीबाईंची ओटीच भरली. शेठ मात्र कात्रीत सापडले. स्वतःचा कौल खरा धरावा तर बायकोचाही धरणं भाग होतं, आणि बायकोचा खोटा म्हणावा तर लेटरहेडचा कागद फाडावा लागणार होता. कौल मोडण्याचा विमा प्रितेशकडेही नव्हता.

जानकीबाई ठाण्या-डोंबिवलीच्या वीस माणसांबरोबर एकट्या गेल्या. कुणालने विमानतळावर सोडलं. शेठ लांब उभे होते, एकावर एक दोन मास्क आणि नाकाशी कापराची पुरचुंडी. शेजारच्या रिकाम्या सीटवर आपण सुकटीची पिशवी ठेवली आणि तिला पट्टाही बांधला, हे जानकीबाईंनी पोचल्यावर फोन करून सांगितलं. ढग खालून दिसतात तसे वरून दिसत नाहीत, हेही सांगितलं. शेठनी हूं म्हटलं आणि इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं तसा चेहरा करून कुणालला विचारलं, आज किती दिवस झाले. एकच झाला होता.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. त्यात आदरपूर्वक लिहिलं होतं, की सदर देवी सक्षम अधिकाऱ्यांच्या व्याख्येत बसत नाही. ते वाचून शेठना कणकण वाटू लागली, आणि संध्याकाळपर्यंत ताप भरला. ज्या तापाला भिऊन ते सिंगापूरला गेले नाहीत, तो त्यांना अंजुरात, स्वतःच्या खाटेवर गाठता झाला. प्रितेशने फोनवर चौकशी केली आणि प्रवासाची पॉलिसी घरी पडलेल्या माणसाला लागू होत नाही, हे जाता जाता सांगितलं.

सकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. घसा बघितला, गोळ्या दिल्या, दोन दिवस पडून राहा म्हणाल्या. शेठनी त्या गेल्याबरोबर सिंगापूरला फोन लावायला लावला. त्यांना खरोखर एकटं वाटत होतं. घरात सून होती, मुलगा होता, पेजही वेळेवर मिळत होती. पण ताप आला की कपाळावर जो हात असायचा तो छत्तीस वर्षांत पहिल्यांदा नव्हता. एवढं सगळं त्यांना बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘‘मना ताप आलाय. तू आजच्या आज परत ये.’’

पलीकडे जानकीबाई घाबरल्या. किती ताप आहे, श्वास लागतो का, पेज जाते का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘डाक्टरीन काय बोल्ली?’’

शेठना तोंडावर खोटं बोलता येत नसे. ‘‘साधा ताप हाय बोल्ली. दोन दिसांत उतरंल.’’

पलीकडे मागे कुणीतरी बस सुटायची हाक देत होतं.

‘‘मंग आजच्या आज येनं अनावश्यक हाय,’’ जानकीबाई म्हणाल्या. ‘‘गोली घ्या, कानाला रुमाल बांधा. मी शुक्करवारी येतंय.’’

फोन ठेवल्यावर शेठनी सुनेकडून रुमाल मागून घेतला आणि कानाला बांधला. मग कुणालला जवळ बोलावून, शुक्रवारी विमान किती वाजता उतरतं ते दोनदा विचारलं.