पंचविसाचे बारा कसे झाले

कमल पाईकराव नसती तर दत्तराव ड्रायव्हरचं ऑपरेशन त्या खेपेला झालं नसतं, आणि मीही हिंगोलीत राहिलो नसतो. तिचं नाव आधी लिहितो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मला मिरवण्यासारखं काही नाही.

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑपरेशनची हत्यारं उकळून ट्रेमध्ये मांडायचो आणि ऑपरेशन चालू असताना हातात द्यायचो. देवगडकडचा माणूस, सातवीत शाळा सुटलेली, इथं जवळचं कुणी नाही. नोकरी गेली तर गावी काय तोंड दाखवू, ही धास्ती कायम. अशी सहा वर्षं काढली आणि मग कमल आली. हिंगोलीचीच, मॅट्रिक पास, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. औरंगाबादहून दर तीन महिन्यांनी मोठे सर्जन यायचे. त्यांनी तिला दोन खेपांत डोळ्यांची मापं घ्यायला शिकवलं. त्यांना एक माणूस औरंगाबादला ट्रेनिंगला न्यायचा होता. कुणाचं नाव लागणार, हे झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं. कमल मला भाऊ म्हणायची. मला तेही टोचायचं.

दत्तराव वारंगा फाट्यावरून ट्रक चालवायचा. त्याला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा आजार होता. त्यात डोळा फिरवणारे स्नायू सुजतात. सूज उतरली तरी एखादा स्नायू वाळलेल्या वादीसारखा आखडून राहतो. दत्तरावच्या उजव्या डोळ्याचा खालचा स्नायू असाच आखडला होता. डोळा खाली ओढला गेला, म्हणून सगळं दोन-दोन दिसायचं.

"एक रस्ता खाली, दुसरा त्याच्यावर," तो सांगायचा. "क्लीनर म्हणते, दोन्ही रिकामे हायेत, घाला कुठूनबी."

ट्रक वर्षभर मालकाचा साडू चालवत होता. दिवाळीपर्यंत डोळा सुधारला नाही तर साडूच कायम, असं मालकानं सांगून टाकलं होतं.

ऑपरेशन म्हणजे आखडलेला स्नायू डोळ्यावरून सोडवायचा आणि काही मिलिमीटर मागं शिवायचा. किती मागं, ते मापावर. माप असं घेतात: एका डोळ्यापुढं लाल काच, समोर दिवा. पेशंटला दोन दिवे दिसतात, एक लाल, एक पांढरा. मग प्रिझम, म्हणजे तिरकी काच, एकापेक्षा एक जाड लावत जायची. दोन्ही दिवे एकावर एक आले की त्या काचेचा आकडा लिहायचा. हा आकडा सहा महिने तोच राहिला तरच सर्जन हात लावतात. बदलला, तर आजार अजून चालू आहे असं धरतात.

दत्तरावचा आकडा तीन वेळा पंचवीस आला होता. तिन्ही मापं कमलची.

सर्जन यायच्या आदल्या दिवशी कमल बहिणीच्या बाळंतपणाला जवळा बाजार या गावी गेलेली. ती सकाळी येऊन माप घेईल, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दुपारीच दत्तरावला खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं बघत होतो, त्यात काय एवढं? त्याचे दिवे बारावर जुळले. मी चार्टवर बारा लिहिलं.

सकाळी सर्जननी चार्ट पाहिला. "पंचविसाचे बारा? म्हणजे एक तर आजार थांबलेला नाही, नाहीतर आधीचे आकडे चुकलेत. आधीचे कुणी घेतले?"

"कमलनं," मी म्हणालो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"ऑपरेशन रद्द. तीन महिन्यांनी बघू."

"तवर दिवाळी होऊन जाते, साहेब," दत्तराव म्हणाला. "माझ्या सीटची गादीबी साडूच्या मापाची होते." हसत म्हणाला, पण हातातला रुमाल त्यानं पिळून काढला होता.

तेवढ्यात कमल आली. तिनं चार्ट वाचला. दत्तरावला समोरच्या दिव्याकडं बघायला सांगितलं, त्याच्याकडं नीट पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, तुमी काल ह्यांची हनुवटी धरली व्हती का?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"मी सांगितलं व्हतं की तुमाला."

सांगितलं होतं. असा पेशंट मान मागं टाकून बघतो. मान मागं गेली की नजर खालच्या बाजूला राहते, आखडलेल्या स्नायूला ताण पडत नाही आणि दिवे जवळ येतात. वर्षभर तसंच वावरल्यावर आपण मान टाकतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. ती हे सांगत होती तेव्हा मी ट्रे पुसत बसलो होतो. सांगणारी ती होती म्हणून.

ती सर्जनकडं गेली. "साहेब, एकदा परत मोजू द्या. भाऊच मोजतील. मी फक्त हनुवटी धरते."

मी लाल काच पुन्हा लावली. बारा लावला, दिवे लांब. सोळा, वीस. "आले का?" "न्हाई अजून." पंचवीस लावला. दत्तराव म्हणाला, "आता एकच हाये."

"मग काल काय झालं होतं?" सर्जननी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत कमल म्हणाली, "हनुवटीचं भाऊला सांगायचं माझ्याकून राहून गेलं, साहेब."

"शिकवायचं तर पुरतं शिकवावं," सर्जन म्हणाले. "तुझं ट्रेनिंगचं पुढच्या वर्षी बघू."

मी तरीही गप्पच राहिलो.

दुपारी ऑपरेशन झालं. आधी सर्जननी चिमट्यात धरून डोळा वर ओढून पाहिला, हलेना. स्नायू सोडवल्यावर मात्र अलगद वर गेला. दिवाळीआधी दत्तराव ट्रकवर बसला. समोर रस्ता एकच. खाली बघितलं तर थोडं दोन दिसतं. ते राहील असं सर्जननी आधीच सांगितलं होतं. "जेवताना एकीच्या दोन भाकरी दिसतात," तो म्हणाला, "बरंच हाये."

मी कमलला विचारलं, असं काहून केलंस.

"तुमचं घर लई लांब हाये, भाऊ. माझं इथंच हाये."

ऐकून मला पुन्हा तिचा हेवाच वाटला. असं सहज बोलून जायला माणसाच्या पायाखाली जमीन लागते.

शिकलो ते एवढंच: काच लावायच्या आधी माणसाची मान बघावी, आणि सांगणारा कोण आहे ते न बघता ऐकावं. त्या वर्षी औरंगाबादला कुणीच गेलं नाही. सर्जन पुन्हा नाव विचारतील. त्या दिवशी ते बारा कुणाचे आणि कशामुळं, हे मी त्यांच्या समोर उभं राहून सांगणार आहे, मग नोकरी राहो न राहो. कमल, तुझं एवढं मी फेडीन.