शिरूरचा निर्व्यसनी पबवाला

सोलापूरहून निघतानाच आमच्या दोघांत तह झाला होता. रांजणगावच्या गणपतीचं दर्शन ह्यांचं आणि शिरूरचा पब माझा. आमचे हे चहापलीकडे कशालाही शिवत नाहीत. मला मात्र पुण्याला लेकीकडे राहून, साठीला टेकल्यावर, क्राफ्ट बिअरची गोडी लागली. छोट्या भट्टीत, थोडीथोडी, मन लावून केलेली ही बिअर शिरूरला मिळते, तीही आठ प्रकारची, असं भाच्याने सांगितलं आणि माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

चौफुल्याला हमरस्ता सोडला, पारगावजवळ भीमा ओलांडली. दोन्हीकडे ऊस, मध्येच उपटून ठेवलेल्या कांद्याचा उग्र वास. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे असे अडकलो की गाडी चालवणाऱ्या ह्यांनी अख्खं अथर्वशीर्ष दोनदा म्हटलं. पुढे रांजणगावला दर्शन निवांत झालं. ह्यांनी मनापासून नमस्कार केला, मी जरा घाईने.

शिरूरला पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. मी डोळ्यांपुढे अंधारी परमिट रूम धरून चालले होते. निघालं ते ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानाशेजारचं लख्ख अंगण, कडुनिंबाखाली टेबलं. रांजणगावच्या कंपन्यांची शिफ्ट सुटायची होती, त्यामुळे गिऱ्हाईक आम्हीच. मालक सोमनाथ, निमोण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, तिशीचा असेल. बिअरची ओळख त्याने सोयऱ्याधायऱ्यांची करून द्यावी तशी करून दिली. "ही आंब्याची, लाडाची हाय. ही कॉफीची, कडू लागंल, आधीच सांगून ठिवतो. आन् ही बाजरीची."

मी बाजरीची मागितली. सोमनाथने नळाखाली छोटा ग्लास धरून एक घोट घेतला, थबकला आणि बेसिनमध्ये थुंकला. पुन्हा एक घोट, पुन्हा तेच.

"काकू, ही न्हाई देत. राती लाईट गेलती. पिंप तापलंय, चव फिरलीया."

"अहो, आम्हाला कुठं कळणार होतं?" हे म्हणाले.

"मला कळलंय न्हवं," म्हणत त्याने ते स्टीलचं पिंप अंगणाच्या कडेला नेलं आणि आमच्यादेखत सगळं गटारीत ओतलं. मग गव्हाची बिअर आणून दिली. धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास, वर दाट फेस. सोबत मासवडी (नावातच मासा; आत तीळ-खोबऱ्याचं सारण, बाहेर बेसन). पहिल्या घोटाला मी डोळे मिटले. एवढ्या लांब आल्यावर कुणी इतक्या काळजीने खाऊपिऊ घालावं, यानं मला खरंच भरून आलं.

ग्लास अर्धा झाला तसा सोमनाथ ओशाळून जवळ आला. "काकू, एक इनंती हाय. आत्ता पाव्हणं येत्यात, मला बघाया. बायोडाट्यात निर्व्यसनी लिव्हलंय. पबवाल्याला तसंबी कोण पोरगी देतंय? चार जागी नकार आलाय. मी चाखतो ते तेवढं बोलू नका."

"मी कशाला तोंड उघडते?" मी म्हणाले.

पाहुणे म्हणजे दोघीच, मुलगी अश्विनी आणि तिची आत्या. आईवडील लहानपणीच गेले, आत्यानेच वाढवलं, हे नंतर कळलं. सोमनाथ मुलीला स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेला आणि आत्या तडक माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी माझ्या ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्या कुंकवाकडे.

"ताई, तुम्ही हितल्या न्हाई ना?"

"नाही, आम्ही सोलापूरचे."

"म्हणून तुम्हांस्नी इचारते. गावातली गोड बोलत्यात, भावकी वाईट बोलती. वाटंवरच्या माणसाला काय घेणंदेणं न्हाई. पोरगा कसा हाय? पितो का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मासवडीत गुंतल्याचं सोंग करत होते.

"तुम्हाला लेक हाय का?" आत्यांनी विचारलं.

"आहे."

"तिला दिली असती का हितं?"

आता काय करणार? सोमनाथला शब्द दिला होता. पण समोर आईच्या जागी बसलेल्या बाईला मी खोटं कसं सांगू?

"दिली असती," मी म्हणाले. "तो पीत नाही, पण चाखतो. आज चाखली म्हणूनच आम्हाला बिघडलेली बिअर दिली नाही. सगळं पिंप ओतून टाकलं."

"म्हंजी तोंडाला लावतो," आत्या म्हणाल्या आणि उठल्याच. "अश्विनी, चल गं!"

सोमनाथ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, मागे अश्विनी. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

अश्विनी मात्र हलली नाही. "सगळं ओतलं?" तिने मला विचारलं. "कुणी सांगितलं न्हवतं तरी?"

"कुणीच नाही. उलट हे म्हणाले, आम्हाला कळणार नव्हतं."

"आत्या, बस जरा," ती म्हणाली. "मी कंपनीत क्वालिटीला हाय. दिवसभर माल रिजेक्ट करती. संध्याकाळी सायेब त्योच पास करत्यात. सा वर्सं झाली, आपणहून माल टाकून देणारा माणूस मी बघितला न्हाई."

मग पर्समधून बायोडाटा काढून तिने तो सोमनाथपुढे ठेवला, वर पेन. "पण ही ओळ खोटी हाय. खोडा. खरं काय ते लिव्हा, मंग आत्याला वाचून दाखवा."

सोमनाथने वाकून लिहिलं. मग मोठ्याने वाचलं, "रोज चाखतो. गिळत न्हाई."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. हसू आवरेना त्यांना.

परतीच्या वाटेवर दौंड मागे पडलं तरी माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. मी शब्द मोडला म्हणून सोमनाथने राग धरला नाही. निघताना वाकून पाया पडला, तेव्हा मलाच रडू फुटलं होतं. पुढे काय ठरलं, मला ठाऊक नाही. पण आईवेगळ्या पोरीचा संसार तोलताना कुणीतरी माझ्यासारख्या वाटसरू बाईचा शब्द धरला, याचं मोल माझ्याकडून फिटायचं नाही.

"तुझ्या वडिलांनीही माझी चौकशी केली होती," हे अचानक म्हणाले. "आमच्या वाण्याकडे."

"काय सांगितलं त्यानं?"

"ते मी आजवर विचारलं नाही," हे म्हणाले. "पण त्या माणसाला रोज मनातल्या मनात नमस्कार करतो."